कोरी चिप

सर्व्हिस सेंटरच्या मुलीनं सकाळपासून तिसऱ्यांदा मला पाणी आणून दिलं, तेव्हाच मी ओळखलं की हिच्याकडं द्यायला दुसरं काही नाही.

"पाणी नको, बोर्ड पाहिजे," मी म्हटलं.

"काकू, पुण्याहून गाडी निघालीय. साताऱ्याच्या पुढं आलीय." रुबिना मुजावर तिचं नाव. पंचविशीची असेल. बोलायला गोड, पण माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

"मघाशीपण साताऱ्याच्या पुढंच होती."

"हायवेचं काम चालू आहे ना."

"ते माझ्या लग्नातपण चालू होतं."

ती हसली. मी हसले नाही. पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टर होते मी. गाडी कुठं आहे हे ठाऊक नसलं की प्रवाशाला काय सांगायचं, ते मला कुणी शिकवायला नको. समोरच्या टेबलावर आमचा लॅपटॉप पोट उघडून पडला होता आणि तिथून जवळच, मलकापूरच्या हॉस्पिटलात, माझा नवरा तोंडावर मास्क लावून झोपेकडं घसरत होता. संध्याकाळपर्यंत हा लॅपटॉप बोलला नाही, तर त्यांचं काय करायचं हे त्यांना न विचारताच ठरणार होतं.

कराडात अशा लॅपटॉपला लोक 'मानसवाणी' म्हणतात. दिसायला चारचौघांसारखाच, पण आत एक चिप वेगळी असते. ज्यांची वाचा आजारानं गेली, त्यांच्या मेंदूवर डॉक्टर तारांची एक बारीक जाळी बसवतात. माणसानं बोलायचं मनात आणलं की ओठ, जीभ, गळा यांना मेंदू हुकूम सोडतो. ओठ हलत नाहीत, पण हुकूम निघतोच. जाळी तो पकडते आणि लॅपटॉप त्याचे शब्द करतो. यांना चार वर्षांपूर्वी तो आजार झाला, ज्यात एकेक स्नायू संपावर जातो. आधी हात, मग जीभ, मग मान. गेल्या वर्षी डोळ्यांच्या पापण्याही गेल्या. डोळे मिचकावून हो-नाही सांगायची सोयसुद्धा राहिली नाही. या लॅपटॉपखेरीज यांना बाहेर यायला दुसरं दार नव्हतं.

साध्या कॉम्प्युटरात आठवण एकीकडं असते आणि विचार दुसरीकडं. माहितीची सारखी ने-आण चालते, तो गरम होतो आणि वीज खातो. या चिपमध्ये दोन्ही एकाच जागी आहे. आत धातूच्या गंजासारखा एक अतिपातळ थर असतो. त्यातून वीज गेली की तिच्यापुरती वाट तयार होते, आणि त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा गेली की ती वाट रुळते. शेतातून माणसं चालून पायवाट पडते, तसंच. चिप शिकते म्हणजे तिच्यात पायवाटा पडतात. म्हणूनच तिची नक्कल काढता येत नाही. दुसऱ्या चिपचं शेत वेगळं असतं.

आणि खोट होती ती या चिपच्या खाली. चिप आणि बोर्ड तापल्यावर सारखे फुगत नाहीत. दोघांमध्ये शेकडो बारीक टाके असतात, त्यांना आधार म्हणून एक डिंक भरतात. कंपनीनं एका वर्षीच्या सगळ्या मालात जो डिंक भरला तो लवकर कडक होतो आणि टाके तुटतात. हे कंपनीला ठाऊक होतं. वेबसाइटवर बारीक अक्षरात कबूलही केलं होतं, बोर्ड फुकट बदलून देऊ म्हणून. फक्त बोर्ड नव्हते. परवा सकाळी यांनी नेहमीसारखी दुधाची चौकशी केली, अर्ध्या वाक्यात आवाज चिरकला आणि पडदा काळा झाला.

दुधाची चौकशी म्हणजे काय ते सांगायला हवं. हे आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. उभा जन्म सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेला. सभेत लोक एकमेकांच्या अंगावर चपला घेऊन धावले, तरी हे लिहिणार, 'विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' घरातही तीच तऱ्हा. फ्रिज घ्यायचा तर सूचक कोण, अनुमोदक कोण, हे झाल्याशिवाय पैसे निघायचे नाहीत. पोरगा लहानपणी शाळेच्या सहलीसाठी खुर्चीवर उभा राहून ठराव मांडायचा आणि मी स्वयंपाकघरातून ओरडून अनुमोदन द्यायची. लोक हसायचे, आम्हाला सवय होती.

मानसवाणी यांच्याकडून बोलणं शिकली ती हेच शिकली. "चहा गोड झाल्याची नोंद घेण्यात यावी," असं ती यांच्याच जुन्या आवाजात म्हणायची आणि मला वाटायचं, माझा माणूस जसाच्या तसा घरात आहे. खरं सांगते, त्या आवाजावर मी जगत होते.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर पोतनीसांनी तो प्रश्न विचारला होता. पुढं कधीतरी मास्क पुरणार नाही. तेव्हा गळ्याला भोक पाडून कायमचं श्वासाचं यंत्र लावायचं का? आजार नवा होता तेव्हा हे स्वतःच्या तोंडानं सांगायचे, मला नळ्या लावून ठेवू नका म्हणून. पुढं मानसवाणी आली तेव्हा तिच्यातूनही येईल-जाईल त्याला तेच सांगायचे. मानसवाणीनं क्षणभर वेळ घेतला आणि म्हणाली, "सभेत असे ठरले की श्री. विश्वास कणसे यांना कृत्रिम श्वासावर ठेवण्यात येऊ नये. सूचक, स्वतः. अनुमोदक, सौ. उज्ज्वला कणसे." डॉक्टर आधी हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला. मी पदर तोंडाला लावूनच म्हटलं, "अनुमोदन आहे." आमच्या घरची रीतच ती, दुसरं काही सुचलं नाही. रुग्णाचा शब्द म्हणून डॉक्टरांनी तो कागदावर घेतला.

आता ते कधीतरी उजाडलं होतं. रक्तात वाईट वायू साठत होता, हे गुंगीत चालले होते. सकाळी डॉक्टर म्हणाले, "वहिनी, संध्याकाळपर्यंत ते शुद्धीत राहतील. त्यांनी शब्द बदलला तर मी लगेच ऑपरेशन करतो. नाही बदलला, तर मला त्यांचा जुना शब्दच पाळावा लागेल."

दुपारी शार्दूलचा, माझ्या मुलाचा, हॉस्पिटलातून फोन आला.

"आई, तू अजून तिथंच?"

"बोर्ड यायचाय."

"तू बाबांजवळ येऊन बस. हात धर त्यांचा. लॅपटॉपच्या मागं काय लागलीस?"

"मला एकदा विचारायचंय त्यांना."

"विचारलंय की. तुझ्यासमोरच. तूच अनुमोदन दिलंस." मग त्यानं आवाज खाली आणला. "आई, तू त्यांना विचारायला नाही, त्यांचं मन वळवायला निघालीयस."

माझा असा संताप झाला की फोन भिंतीवर मारावासा वाटला. कारण पोरगा खरं बोलत होता. मला ते पाहिजे होते. नळ्या लावून, कसेही.

"वळवलं तर वळवलं," मी म्हटलं. "माझा नवरा आहे."

"माझे वडील आहेत. त्यांनी आयुष्यात एक ठराव फिरवला नाही. आता अर्धवट शुद्धीत असताना तू रडून तो फिरवून घेणार, आणि पुढची दहा वर्षं ते त्या पलंगावर तुझ्यासाठी पडून राहणार. मी बघितलंय त्यांना, आई. नाही बघवत."

मी फोन ठेवला. भांडायला जोर राहिला नव्हता.

गाडी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रुबिनानं खोका फोडला, बोर्ड उजेडात धरून बघितला आणि तो तसाच हातात ठेवून माझ्यासमोर येऊन बसली.

"काकू, एक नीट ऐका. या नव्या बोर्डवर नवी चिप आहे. कोरी."

"म्हणजे?"

"काकांनी जे शिकवलं ते सगळं जुन्या चिपमध्ये आहे. हा बोर्ड लावला की ते गेलं. जुनी चिप कंपनी परत घेते, तसा नियम आहे."

"मग जुनी चिपच उचलून याच्यावर बसव की."

"ती उचलायला भट्टीत तापवावी लागते. इथल्या भट्टीत तापवली तर आतल्या वाटा विस्कटतील. पुण्याच्या लॅबमध्ये थंड पद्धतीनं काढतात, आवाज शाबूत राहतो. पण चार-पाच दिवस लागतील."

"चार-पाच दिवस नाहीत माझ्याकडं."

"म्हणूनच विचारतेय."

"आणि कोरी लावली तर ते बोलणार कसे?"

"पहिल्या दिवसासारखे. यंत्र अक्षरं वाचत जाईल. पाहिजे ते अक्षर आलं की काकांनी मनात उजवी मूठ आवळायची. एकेक अक्षर. आवाजपण काकांचा नसेल, कंपनीचा असेल."

यांचा आवाज. कोणत्या तोंडानं हो म्हणू? उद्या हे गेले तर तेवढा एक आवाज माझ्याजवळ राहणार होता, तोही मी माझ्या हातानं कंपनीच्या खोक्यात भरायचा. मी नुसती त्या उघड्या पोटाकडं बघत राहिले.

रुबिना हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका. पण आजार वाढला की मेंदूचे हुकूमपण क्षीण होतात. मग शिकलेली चिप अर्धं ऐकते आणि बाकीचं सवयीनं पुरं करते. जिथं वाट रुळलीय तिकडंच जाते. कोऱ्या चिपला सवय नाही. ती जेवढं येतं तेवढंच सांगते."

"माझ्या नवऱ्याचं बोलणं अंदाजपंचे होतं म्हणतेस?"

"तसं नाही म्हणत."

"तसंच म्हणतेस." माझा आवाज चढला. शेजारी प्रिंटर घेऊन बसलेला माणूस उठून बाहेर गेला. "इतकी वर्षं बोलतेय मी त्यांच्याशी. मला कळणार नाही?"

मला रडू आलं ते तिच्यासमोरच आलं. मग मी नाक पुसलं आणि म्हटलं, "लाव कोरी. आवाज घेऊन काय करू, मला उत्तर पाहिजे."

तिचे हात भराभर चालले. मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि तिचा स्क्रू ड्रायव्हर कुठं अडला की देवाचं नावही घेतलं. पडदा उजळला. मग तो अडला.

"मेंदूतल्या जाळीची किल्ली नव्या बोर्डला द्यावी लागते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी त्यांचा मेंदू ऐकू नये म्हणून. काकांच्या मोबाइलवर ओटीपी येईल. मोबाइल कुठंय?"

मोबाइल शार्दूलकडं होता.

मी फोन लावला. "तुझ्या बाबांच्या मोबाइलवर एक नंबर आलाय. वाच."

पलीकडं कुठलंतरी यंत्र टीं टीं करत होतं.

"शार्दूल, वाच."

"मी हा वाचला नाही तर?"

"तर मला मरेपर्यंत कळणार नाही की त्यांना काय पाहिजे होतं. आणि तुलापण नाही."

"मला कळलंय."

"मग भितोस कशाला?"

रुबिनानं घड्याळाकडं बोट दाखवलं. नंबरची मुदत संपत आली होती. मी पोराला हात जोडले, त्याला दिसणार नव्हते तरी.

"आई, एका अटीवर," तो म्हणाला. "जे येईल ते मान्य करायचं. तू त्यांच्यासमोर रडायचं नाहीस. नको म्हणाले तर तिथंच थांबायचं."

"मान्य."

त्यानं नंबर वाचला.

रुबिना स्वतःच्या स्कूटरवरून मला हॉस्पिटलात घेऊन आली. वाटेत मी लॅपटॉप पोटाशी धरला होता, तान्ह्या मुलाला धरावं तसा.

यांचे डोळे परिचारिकेनं ओल्या कापसानं पुसून उघडे ठेवले होते. मास्कमधून श्वास आत-बाहेर होत होता, पण छाती हलल्यासारखी वाटत नव्हती. डॉक्टर पोतनीस पायाशी उभे होते. शार्दूल भिंतीला टेकून उभा होता, माझ्याकडं बघत नव्हता. रुबिनानं आतल्या जाळीशी जोडणारा तुकडा कानामागं चिकटवला आणि वाकून म्हणाली, "काका, यंत्र नवीन आहे. होय म्हणायचं असलं की मनात उजवी मूठ आवळा. नाही म्हणायचं असलं की डावी. आता उजवी आवळून दाखवा."

काही नाही.

"काका, उजवी."

काही नाही. डॉक्टरांनी हळूच मनगटावरचं घड्याळ बघितलं. मी यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं मिटून मूठ केली. "अहो, ही. ही मूठ."

"होय," यंत्र म्हणालं. बाईचा आवाज, रेल्वे स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखा. मला तो मुळीच आवडला नाही आणि त्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटला.

डॉक्टर पुढं झाले. "विश्वासराव, मी पोतनीस. मास्क आता पुरत नाही. गळ्याला यंत्र लावायचं का, हा प्रश्न आहे. तुम्ही मागं नको म्हणाला होतात. तेच कायम ठेवायचं?"

आम्ही थांबलो. 'होय' आलं नाही, 'नाही'ही आलं नाही. यंत्रानं आपणहून अक्षरं वाचायला सुरुवात केली. क ओळ, च ओळ, ट ओळ. रुबिना कुजबुजली, "त्यांना सांगायचंय काहीतरी." प ओळीवर खूण झाली. प, फ, ब, भ.

"भ," यंत्र म्हणालं. मग स्वर सुरू झाले. "भ ला दुसरी वेलांटी."

शार्दूल भिंतीपासून सुटला.

पुन्हा सगळ्या ओळी. माझ्या हातातल्या त्या मुठीला ओलसर घाम होता, माझा की त्यांचा कोण जाणे. "त," यंत्र म्हणालं. "त ला दुसरी वेलांटी. भीती."

हा शब्द मी या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. यांच्या कुठल्याच सभेत कुणाला भीती वाटली नव्हती.

मी शार्दूलला शब्द दिला होता, म्हणून दात आवळून विचारलं, "कशाची? ऑपरेशनची?"

"नाही."

"मरणाची?"

"होय." आणि लगेच पुन्हा, कुणी न विचारता, "होय."

"पण बाबा," शार्दूल पलंगाशी आला, गुडघ्यावर बसला. "तुम्हीच म्हणाला होता. उन्हाळ्यात. ठराव केला होता तुम्ही."

ओळी सुरू झाल्या. श्वास उथळ होत होता, डॉक्टर परिचारिकेला खुणेनं काहीतरी सांगत होते. स, त्यावर काना आणि अनुस्वार. ग. त. एकेका अक्षराला युग लागत होतं आणि मधे एकदा यंत्र चुकून भलत्याच ओळीत गेलं. रुबिनानं ते मागं घेतलं. शेवटी यंत्र सपाट आवाजात म्हणालं, "सांगत होतो."

मला आधी अर्थच लागेना. मग एकदम लागला. हे सांगत होते. उन्हाळ्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, त्यानंतर रोज, चहाच्या वेळी, दुधाच्या वेळी. त्यांना भीती वाटत होती आणि ते सांगत होते, आणि ती शिकलेली चिप त्यातलं अर्धं ऐकून जुन्या वाटेनं चालू लागायची, नोंद घेण्यात यावी, मंजूर करण्यात यावा. मी शेजारी बसून त्या आवाजाला जीव लावत होते आणि हा माणूस आतून हाका मारत होता.

मी रडले नाही. शब्द दिला होता. शार्दूलच माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडत होता.

"विश्वासराव," डॉक्टर अगदी स्पष्ट म्हणाले, "गळ्याला यंत्र लावू? ते कायमचं असेल. बोलणं, खाणं परत येणार नाही. फक्त श्वास राहील. तरी लावू?"

"होय."

"पुन्हा एकदा विचारतो. लावू?"

"होय."

डॉक्टर दाराकडं वळले आणि मोठ्यानं ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगू लागले. परिचारिका धावली. रुबिना लॅपटॉप काढून घ्यायला वाकली, तर तो पुन्हा ओळी वाचू लागला. तिचा हात तसाच थांबला.

"ल."

"अहो, राहू द्या आता," मी म्हटलं. "दमू नका. नंतर बोला. आता रोज बोलायचंच आहे."

"व."

शार्दूलनं डोळे पुसले आणि पलंगाच्या चाकांची कळ पायानं सोडली.

"क. र," यंत्र म्हणालं. "लवकर."

"हो हो, लवकर," मी म्हटलं आणि पलंगाला मागून सगळा जोर लावला.